वरच्या तळ्यासाठी भिंगऱ्या

हाउटाला कॅम्प, लाँगबो तळं
२३ फेब्रुवारी १९६८

प्रिय वेइको,

आधी गोड बातमी, मग रडगाणं. मला दिवस गेलेत. हसू नकोस. दोनदा मूल पोटातच गेल्यावर मी आशाच सोडली होती. पाळणा सौनाच्या, वाफेच्या न्हाणीच्या माळ्यावर फेकला होता, त्यात उर्होनं जाळी कोंबून ठेवलीत. नर्सबाई म्हणतात, सप्टेंबर. मी म्हटलं, होईल तेव्हा खरं. पण आतून मी वेडी झालेय वेइको, एकटी असले की गाणी म्हणते.

पोटात काही ठरत नाही. राय धान्याचा पाव नको, कॉफीचा वाससुद्धा नको. ठरतं ते एकच, बटाटे घालून केलेलं माशाचं दुधातलं सार. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. सायलसची बायको म्हणाली, "पोरगा मासेमार होणार बघ." बर्फाला भोक पाडून सायलस मोठाल्या पिकरेल काढतो आणि आमच्या दारात टाकून जातो. डोहाळे पुरवणारा असा शेजारी मिळाला, आणखी काय हवं?

आता रडगाणं. तुझा मेहुणा पितोय.

उर्हो! दारूबंदीच्या मंडळात ज्यानं जन्म काढला तो! मी पाहिलं नाही, वासही आला नाही, पण चिन्हं सगळी तीच. सौनाच्या पायरीवर अडखळतो. जीभ जड पडते. दर हिवाळ्यात उन्हाळ्यात कॅम्पवर मासे धरायला येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी तो भिंगरीचे गळ बांधतो, हे तुला माहीतच आहे. अमेरिकन लोक पिकरेलला वॉलआय म्हणतात, म्हणोत बापडे, पण उर्होच्या भिंगरीशिवाय त्यांचं पान हलत नाही. तर यंदा मणी त्याच्या बोटांतून सांडतात. गळाला घातलेले वेढे ओढले की सुटतात. परवा मी एक गळ ओढून बघितला तर सरळ हातात आला. मी म्हटलं, "हे काय रे?" तर म्हणतो, "थंडी आहे." चुलीपुढं बसून थंडी!

तू थोरला भाऊ आहेस, त्याच्याशी बोल. गावात सामान आणायला येतो तेव्हा कुठं बसतो, कुणाबरोबर बसतो, जरा बघ. बाळ यायच्या आत मला हा माणूस धड हवाय.

सोबत धुरी दिलेली पिकरेल पाठवतेय. तुझ्या डोरीनला म्हणावं, कातडीकडून काप.

तुझी आयली


स्टँटन फॉल्स
९ मार्च

प्रिय आयली,

वाचून मी स्वयंपाकघरात ओरडलोच. डोरीनला वाटलं हात भाजला. अभिनंदन, लाख वेळा अभिनंदन! आता जड उचलायचं नाही आणि होडी ओढायची नाही. मुलगा झाला तर नाव वेइको ठेवायचं, म्हणजे घरात एक तरी शहाणा असेल.

मासा पोरांनी ओरबाडून खाल्ला. मला शेपूट मिळाली.

आमच्याकडेही बातमी आहे. इथून पुढं पत्रावर "फोरमनसाहेब" असं लिहीत जा. कागदाच्या गिरणीत लगदा पांढरा करायला क्लोरीन लागतो, तो बनवायचा अख्खा विभाग माझ्याकडं दिलाय. घरही मोठं मिळालं, गिरणीचंच, मागं अंगण असलेलं. विभाग मात्र अजब आहे. जमिनीवर पारा लोळत असतो, पोरं बुटाच्या टोकानं त्याच्या गोळ्या उडवतात. पाऱ्याची नवी पिंपं येतच राहतात. मी इंजिनिअरला विचारलं, "जुना जातो कुठं?" तर म्हणाला, "पाण्याची नळी मारा नि नाल्यात सोडा. नदी मोठी आहे." अशी आमची साहेबी.

उर्होचं म्हणशील तर मी चौकशी केली. हॉटेलात त्याला कुणी पाहिलेलं नाही. पण पिणारा सांगून पीत नाही. लाकडाच्या राशीमागं बघ, होडीघरात बघ. सापडली तर तमाशा करू नकोस, नुसती ओतून टाक. पन्नाशी जवळ आली की माणूस घाबरतो, त्यात आता बाप होतोय. बाळाचं तोंड बघितलं की सुटेल.

वेइको


हाउटाला कॅम्प
१३ एप्रिल

फोरमनसाहेबांना सलाम,

होडीघर पालथं घातलं. लाकडाची रास उतरवून परत रचली, म्हणजे सायलसनं रचली, मी नुसती उभी राहून ओरडत होते. एक बाटली नाही वेइको. व्हिनेगरचीसुद्धा नाही.

उर्होनं मला शोधताना पाहिलं. रात्री म्हणाला, "आयली, माझ्या बोटांना मोजे घातल्यासारखं वाटतं. ओठांनासुद्धा." मी म्हटलं, "किती घेतलीस?" तो भिंतीकडं तोंड करून झोपला.

आता गळ मीच बांधते. इतकी वर्षं बघत आले, हात आपोआप चालतात. नायलॉनवर दोन गळ, एकामागं एक, प्रत्येकाच्या दांडीला घट्ट वेढे. त्यावर मणी, मण्यांवर छोटी कडी, कडीत पितळी पातं. मणी कमी घातले तर पातं गळावर घासतं आणि फिरत नाही. जास्त घातले तर सगळं लांबोडं होतं नि मासा मागचं गांडूळ तोडून पसार. गाठ आवळायच्या आधी थुंकीनं ओली करायची, नाहीतर नायलॉन जळतो. उर्हो टोकं दातांनीच तोडतो. गेल्या आठवड्यात तो माझ्याजवळ बसून मदत करत होता. बघते तर पांढऱ्या मण्यांवर लाल. त्याचा ओठ चिरला होता, हनुवटीवरून रक्त ओघळत होतं आणि त्याला पत्ता नव्हता. मी हात लावून दाखवलं तेव्हा कळलं त्याला.

आणि आमची मिर्री गेली. मांजरच ती, पण घरातली. माशांची डोकी खाऊन नुसती रेड्यासारखी माजली होती. गेले काही दिवस स्वतःभोवती गोल गोल फिरायची, भिंतीवर आपटायची. परवा पाय फेंगडे टाकत सरळ सायलसच्या बर्फातल्या भोकाकडं धावली आणि आत पडली. पाण्याला घाबरणारं जनावर! सायलस म्हणाला, "यंदा पाणमांजरंही दिसली नाहीत."

असो. माझी तब्येत उत्तम. नर्सबाई म्हणाल्या, पोटभर मासा खा, बाळाचं डोकं त्यानंच घडतं. मी म्हटलं, मग माझं पोर प्रोफेसर होणार. तुमच्यासाठी आणखी एक पार्सल.

आयली


स्टँटन फॉल्स
२४ एप्रिल

प्रिय आयली,

मिर्रीचं वाचून वाईट वाटलं. ती डोकी कुठल्या माशांची खायची? लाँगबो तळ्यातल्याच ना? नदीच्या तोंडाशी धरलेल्या, की आणखी कुठून? नक्की कळव.

मासे पाठवू नकोस. पोरांना सध्या मासा नको झालाय, लहान मुलं, दुसरं काय. मागचं पार्सल मात्र संपवलं. छान होतं.

मला एक सुचलंय. उर्होला आता मोठी होडी झेपत नसेल. तुम्ही टेकडीवरच्या तळ्यात ट्राउट का धरत नाही? वरच्या तळ्याला आपली नदी मिळत नाही, पाणी गाळलेलं आहे. पिकरेल काय, सगळेच धरतात. ट्राउटला मान आहे. सोबत बारीक पाती पाठवतोय, मुद्दाम बनवून घेतलीत. करंगळीच्या नखाएवढी, चांदीची झिलई दिलेली. पितळी तिथं नको, स्वच्छ पाण्यात ट्राउट बुजते. नायलॉन बारीक घे. एकच गळ, तोही छोटा. मणी थोडेच, त्यातला पात्याशेजारचा लाल. शिशाचं वजन लावू नकोस. गांडूळ अर्धंच. मोटार नको, वल्ह्यांनी हळू जायचं. गळाच्या काठीचा शेंडा थरथरत राहिला म्हणजे समजायचं पातं फिरतंय. थरथर थांबली की पात्याला गवत लागलं किंवा मासा लागला.

घरात खायलाही तीच धरा. तिचं सार जास्त हलकं होतं. तुझ्या अवस्थेत हलकं खाल्लेलं बरं.

ऐकशील ना?

वेइको


हाउटाला कॅम्प
२० मे

प्रिय वेइको,

हसून हसून माझं पोट दुखलं, आणि या पोटानं हसणं आता सोपं नाही. आयुष्यभर ट्राउटला "धुतलेला साबण" म्हणणारा माझा भाऊ मला ट्राउटचा गळ शिकवतोय! आणि गळ कुणाला शिकवतोय तर मला! अरे, लहानपणी तुझ्या बोटात अडकलेला गळ कुणी काढला होता?

पाती सुंदर आहेत, हे मात्र कबूल. एक बांधून खिडकीत टांगलंय, वाऱ्यानं फिरतं.

पण वेइको, वरच्या तळ्याचा चढ मी कशी चढू? उर्हो तर चढूच शकत नाही. परवा मोसमाचा पहिला दिवस होता. गिऱ्हाइकं होडीत बसवून निघाला आणि दिवसाढवळ्या खडकावर घातली होडी. मोठा पांढरा खडक, बगळ्यांनी घाण केलेला, आंधळ्यालाही दिसावा. गिऱ्हाइकं ओली झाली, शिव्या देत परतली. मी त्याला म्हटलं, "लाज वाटत नाही?" तर म्हणाला, "मला तो खडक दिसलाच नाही गं. नळीतून बघावं तसं दिसतं मला. समोरचं तेवढं." आणि रडला. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

आता सायलस होडी नेतो, मी किनाऱ्यावर जेवण करते. मोठ्या तव्यात चरबी, त्यात ताजी पिकरेल. गिऱ्हाइकं टाळ्या वाजवतात. उरलेलं आम्ही आणि सायलसचं घर खातो. त्याच्या नातीचं नुकतंच दूध तुटलंय, तिलाही काटे काढून मऊ मासा भरवतात.

तुझ्या पत्रात काहीतरी अडकलंय वेइको. मांजर काय खात होतं हे फोरमनसाहेब कशाला विचारतायत? हो, लाँगबोतलेच मासे, नदीच्या तोंडाशी धरलेले, आणि दुसरे कुठले? पोटात एक नि ओठात एक असं तुला कधी जमलं नाही. तुझे कान लाल व्हायचे. पत्रात मला कान दिसत नाहीत म्हणून विचारते. काय आहे? सरळ सांग.

आयली


स्टँटन फॉल्स
१ जून

आयली,

काही अडकलेलं नाही. बाईमाणसाचं डोकं रिकामं असलं की असं होतं.

तुला सांगणार नव्हतो, उगाच घाबरशील म्हणून. एकानं मला सांगितलं, नदीच्या बाजूच्या पिकरेलमध्ये यंदा कीड आहे. मांसात बारीक अळ्या असतात, दिसत नाहीत. पोटुशीला बाधतं म्हणे. म्हणून ट्राउट धर म्हटलं, बाकी काही नाही. मी थोरला आहे ना तुझ्यापेक्षा? मग एकदा तरी वाद न घालता ऐक. पिकरेल खाऊ नकोस.

त्याहून बरं म्हणजे इकडंच ये. मागची खोली रिकामी आहे. बाळंतपण इथं होऊ दे. डोरीन सगळं करेल.

मला गेल्या आठवड्यात वर बोलावलं होतं. मोठ्या साहेबांनी कॉफी पाजली, घर आवडलं का विचारलं, पोरांच्या शाळेचं विचारलं. खूप गोड बोलले. तेव्हापासून मला झोप नीट लागत नाही. कामाचा ताण, दुसरं काय.

उर्होला डॉक्टरकडं ने. आणि ही पत्रं चुलीत घाल, घरात कागदांचा पसारा बरा नव्हे.

वेइको


हाउटाला कॅम्प
१८ जून

प्रिय वेइको,

एवढंच ना? कीड! अरे देवा, आणि मी काय काय मनात आणलं होतं. मला वाटलं तुझी नोकरी गेली, नाहीतर डोरीन सोडून गेली.

किडीला मी घाबरत नाही. कीड म्हणजे शिजवली की मेली. आपली आई काय करायची आठवतं? संशय आला की सार तिप्पट वेळ उकळायचं. आता मी तसंच करते. मासा पार विरघळेपर्यंत उकळते, मग ते दाट पाणीसुद्धा पिऊन टाकते, सगळा कस त्यातच असतो. धुरीही दुप्पट देते. सायलसच्या घरी पण सांगून आले, "चांगलं उकळा, मग बिनधास्त खा." सायलसची सून म्हणाली, "बरं झालं सांगितलंस, आम्ही काळजीतच होतो." तुझ्यामुळं पुण्य लागलं मला.

तुझ्या बारीक भिंगऱ्यांनीही काम केलं. ओहायोचं एक जोडपं आलं होतं, बाई हौशी. तिला दोन बांधून दिल्या, सायलसनं वर नेलं. ठिपक्याठिपक्यांच्या देखण्या ट्राउट घेऊन आली. म्हणाली, असा गळ दुकानात मिळत नाही. आता ज्याला हवी त्याला मी वरच्या तळ्याची भिंगरी देते. ट्राउट गिऱ्हाइकांना तळून घालते, ती मानाची. घरच्यांना आपली पिकरेल. तू म्हणशील, तुझ्यासाठी धर म्हटलं होतं. अरे, पैसे देणाऱ्याच्या तोंडचं काढून मी खाऊ?

उर्होला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी त्याला सरळ रेषेत चालायला लावलं, तोंडाचा वास घेतला, आणि माझ्याकडं बघून मान हलवली. म्हणाले, "दारू सोडवा." वास आला का विचारलं, तर म्हणाले, "हुशार असतात ही माणसं." उर्हो खुर्चीत बसून होता, सगळं ऐकत होता. परतताना गाडीत एवढंच म्हणाला, "तूही तसंच समजतेस ना?" मी गाडीचा वेग वाढवला. हल्ली कप धरला की कॉफी त्याच्या मांडीवर सांडते. त्याचा शर्ट मीच घालून देते.

बाळ हलतं. पण नर्सबाईंच्या मनासारखं हलत नाही. कान लावून बराच वेळ ऐकत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "शांत बाळ आहे." शांत तर शांत. या घरात कुणीतरी शांत हवंच.

गिऱ्हाइकाबरोबर तुम्हाला दुप्पट धुरी दिलेला मासा पाठवलाय. यात कीड जगायची नाही.

आयली


स्टँटन फॉल्स
२ जुलै

आयली,

उकळून जात नाही. उकळलेलं पाणी पिऊ नकोस. कीड मरते, पण तिचं जे असतं ते राहतं. कसं सांगू? पत्रात सगळं लिहिता येत नाही. मासा बंद कर. मी सांगतोय ना, बंद कर. बटाटे खा, पाव खा, सायलस हरीण मारतो ते खा.

मी स्वतः येणार होतो, पण पाळ्या बदलता येत नाहीत, आणि आम्हा फोरमन लोकांनी सध्या तळ्यांकडं जाऊ नये असं वरून सुचवलंय. का ते विचारू नकोस. डोरीनला पाठवतोय. बाळाचे कपडे आणेल, दोन दिवस राहील. तिला फार प्रश्न विचारू नकोस, तिला गिरणीतलं काही कळत नाही.

तू पाठवलेला मासा मिळाला. पोरांना दिला नाही, मीच बसून खाल्ला. तुझ्या हाताची चव काही औरच.

घर बदलायचं म्हटलं तर दोन पोरांना घेऊन मी कुठं जाऊ, तूच सांग. हे असंच आपलं लिहिलं.

वेइको


हाउटाला कॅम्प
१४ जुलै

वेइको,

डोरीन येऊन गेली. गुणी बाई आहे. तिला दोष देऊ नकोस, ती काही फोडायला आली नव्हती.

पहिल्याच दिवशी मी टेबलावर सार ठेवलं. तुझं पत्र आदल्या दिवशी आलं होतं. मी ठरवलं होतं, पाहुणी आहे तोवर करायचं, मग बंद. डोरीननं वाटी बाजूला सरकवली. मी म्हटलं, "का गं, आवडत नाही?"

ती म्हणाली, "आवडतं की. पण वेइकोनं ईस्टरपासून घरात मासा बंद केलाय ना."

"ईस्टरपासून?"

"हो. तुझं मांजराचं पत्र आलं त्या दिवशी तो गिरणीतून उशिरा आला. तुझं पार्सल उघडलंसुद्धा नाही. मागच्या अंगणात खड्डा खणून पुरलं. कुत्रं उकरायला लागलं तर त्याला साखळीनं बांधलं."

मी म्हटलं, "आणि जूनमधलं?"

"तेही. दुप्पट धुरीचं ना? मला वाईट वाटलं बघ, किती छान वास येत होता."

मग तिनं माझ्यापुढच्या वाटीकडं पाहिलं. माझ्या पोटाकडं पाहिलं. आणि तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "आयली, तू हे खातेस? पण तुला तर त्यानं सगळं लिहिलं असेल ना? गिरणीतला पारा नदीतून तळ्यात येतो, माशात उतरतो, शिजवून जात नाही. कुठल्याशा दूरच्या देशात मांजरं आधी नाचून मेली आणि मग माणसं, असं इंजिनिअरनं त्याला सांगितलं. बाहेर बोलला तर घर खाली करा म्हणाले. पण तुला... तू तर सख्खी बहीण."

मी तिला म्हटलं, "हो, लिहिलंय." का म्हटलं ते मला माहीत नाही. तुझी अब्रू राखायची इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय.

ती गेल्यावर मी सगळी पत्रं काढून वाचली. तू जाळायला सांगितली होतीस, मी जाळली नव्हती. एप्रिलमध्ये तू मला पात्यांची झिलई कुठली, लाल मणी कुठं, गांडूळ किती, हे सगळं लिहिलंस. किती जीव लावून लिहिलंस! पान भरून लिहिलंस. त्या पानावर "आयली, माशात विष आहे" एवढं लिहायला जागा नव्हती का रे? ट्राउटला मान आहे म्हणालास. कीड आहे म्हणालास. त्या किडीपायी मी मासा पार विरघळवून त्याचं पाणी प्यायले. सायलसच्या घरी जाऊन मी माझ्या तोंडानं सांगितलं, उकळा नि बिनधास्त खा. त्याची नात माझ्या शब्दावर खात होती.

काल त्यांच्या घरी गेले. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सून रडली. सायलस पायरीवर बसून जाळ्याचा दोर सोडवत होता. मला वाटलं, मारेल मला. तो म्हणाला, "मग आम्ही काय खायचं, आयली?" तुझ्याकडं याचं उत्तर आहे का? असेल तर ते त्याला लिही, मला नको.

उर्होला सांगितलं. त्याच्या पायाशी बसून माफी मागितली, इतके महिने बाटल्या शोधत होते म्हणून. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवायचा प्रयत्न केला. हात चुकून माझ्या खांद्यावर पडला, तिथंच ठेवला त्यानं. म्हणाला, "म्हणजे मी वेडा होत नव्हतो." एवढ्यानं त्याला बरं वाटलं. मला त्याहून जास्त वाईट कशानंच वाटलं नाही.

गिऱ्हाइकांना परत पाठवलं. कॅम्प बंद. वर्तमानपत्रवाल्यांना मी लिहिलंय, तुझं नाव घालून. साहेब तुला घर खाली करायला लावतील. लावू देत. मागच्या अंगणात काय पुरलंय तेही त्यांना दाखव.

तू वाईट माणूस नाहीस, हे मला माहीत आहे. वाईट असतास तर सोपं गेलं असतं. तू घाबरलास, आणि घाबरल्यावर आधी आपल्या पोरांच्या ताटातला मासा काढलास. कुठलाही बाप काढेल. माझ्या ताटातला मात्र तू गोडीगुलाबीनं, आडून आडून काढायला बघितलास, माझ्या पोटातल्यापेक्षा घर मोठं म्हणून.

डोरीन आली त्या दिवसापासून मी मासा खाल्लेला नाही. नर्सबाईंना सगळं सांगितलं. मी विचारलं, "जे गेलंय ते बाहेर येतं का?" त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही, आयली." रात्रभर मी पोटावर हात ठेवून पडून होते. पहाटे एकदा हललं.

मला आता पत्र लिहू नकोस. सप्टेंबरात पहिला निरोप तुलाच येईल. उर्होच्याही आधी तू आत यायचंस. बाळाला तू घ्यायचंस, दिवा धरायचास आणि बघायचंस, डोळे दिव्यामागं फिरतात का, बोट दिलं तर मूठ मिटते का. बघून झालं की माझ्याकडं वळून तूच मला सांगायचंस. आणि त्या वेळी तरी खरं सांग.

आयली